कवटीचा बिल्ला, वाळुंजाची वाडी आणि बावन्न वर्षांचं खिंडार : कुपेरयानोव्ह बटालियनची गोष्ट

प्रश्न एस्टोनियातल्या तार्तू शहरात शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीचा आहे. तिच्या वर्गातल्या एका एस्टोनियन मुलाच्या जुन्या लष्करी जॅकेटवर बाहीला कवटी आणि हाडांचा बिल्ला होता. त्याने सांगितलं, 'मी कुपेरयानोव्ह बटालियनमध्ये सक्तीची सेवा केली, आमची तुकडी 1918 ची आहे.' तिला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. ही तुकडी नेमकी कोणती? कवटी नाझींची आहे का? आणि 1940 ते 1991 या काळात एस्टोनिया नावाचा स्वतंत्र देशच जर नव्हता, तर तुकडी 1918 ची कशी?

तिसरा प्रश्न सर्वांत चांगला आहे. त्याच्याकडे येतोच. मी पायदळात नोकरी केली आणि शेवटची काही वर्षं तरुण अधिकाऱ्यांना लष्करी इतिहास शिकवला. एस्टोनियाशी माझा संबंध आला तो एका लढाईमुळे. ती मी सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत उभारलेल्या रणभूमीच्या नमुन्यावर, इतक्या वेळा मांडली की तिथल्या रेल्वेच्या फाट्यांची नावं आजही तोंडपाठ आहेत.

आधी माणूस. यूलिउस कुपेरयानोव्ह हा पेशाने शाळामास्तर. जन्म 1894 चा. तार्तूच्या अध्यापक विद्यालयात शिकला, मग काम्ब्या नावाच्या गावी शिकवायला लागला. पहिलं महायुद्ध आलं तेव्हा एस्टोनिया झारच्या साम्राज्यात होता, त्यामुळे मास्तर रशियन सैन्यात गेला आणि अधिकारी होऊन परतला. हा तपशील लक्षात ठेवा, कवटीच्या वेळी लागेल.

नोव्हेंबर 1918 मध्ये जर्मनी हरली, जर्मन फौजा एस्टोनियातून निघू लागल्या आणि मागोमाग बोल्शेविक रशियाची लाल सेना आत शिरली. 28 नोव्हेंबरला सीमेवरच्या नार्वा शहरावर हल्ला झाला. एस्टोनियाचं सरकार तेव्हा नावापुरतं होतं आणि सैन्य त्याहून नावापुरतं. बूट नाहीत, बंदुका नाहीत, भरतीचा हुकूम काढला तर लोक येत नाहीत, कारण हे सरकार महिनाभर तरी टिकेल का याचीच खात्री नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तार्तू पडलं होतं. कुपेरयानोव्ह तार्तूतच होता. शहर जवळपास न लढता सोडलं गेलं, हे त्याने पाहिलं.

ज्याने कधी माघार घेतली आहे त्यालाच या क्षणाचं वजन कळेल. माघारीत बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते : कुणीतरी सांगावं की आता इथे थांबायचं. कुपेरयानोव्हने ते स्वतःच सांगितलं. त्याने सेनापतीकडे स्वतंत्र पार्टिझन तुकडी उभारायची परवानगी मागितली आणि 23 डिसेंबर 1918 ला ती मिळाली. त्याच दिवशी योहान लाइडोनर एस्टोनियाचा सरसेनापती झाला. बटालियन आजही हीच तारीख आपला जन्मदिवस मानते. जागा होती पूरमानीची हवेली, तार्तूच्या वायव्येला. आले ते बहुतेक स्वयंसेवक. त्यात शाळेतली पोरं बरीच. 'पार्टिझन' म्हटल्यावर आपल्याला गनिमी कावा आठवतो, पण इथे त्याचा अर्थ साधा आहे : नेहमीच्या रेजिमेंटच्या चौकटीबाहेरची, आपल्या म्होरक्यावर विश्वास ठेवून आलेली माणसं.

तीन आठवड्यांत चित्र पालटलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एस्टोनियाचा उलटा हल्ला सुरू झाला. या युद्धाचं खरं हत्यार होतं चिलखती रेल्वेगाडी. मालगाडीच्या डब्यांना पोलादी पत्रे, मधे वाळूच्या गोण्या, वर तोफा आणि मशीनगन, आणि पोटात उतरून लढणारं पायदळ. कार्ल पार्ट्सच्या हाताखालच्या या गाड्या रुळावरून आणि कुपेरयानोव्हची माणसं रस्त्याने, असे 14 जानेवारी 1919 ला ते तार्तूत शिरले. पळून जाण्याआधी लाल सेनेने एका बँकेच्या तळघरात ओलिसांना कापून काढलं होतं. त्यात ऑर्थोडॉक्स बिशप प्लॅटॉन आणि लुथेरन धर्मगुरू व प्राध्यापक ट्राउगॉट हान होते. तुकडीतली पोरं हे बघून पुढे निघाली. पुढच्या पंधरवड्यातली त्यांची घाई समजून घ्यायची तर हे तळघर विसरून चालत नाही.

आता पाजू. गावाचं नाव रोमन लिपीत ज ने लिहितात पण उच्चार य चा आहे. मराठीत तसं लिहिलं की भलताच अर्थ होतो, म्हणून मी 'पाजू'च लिहितो. एस्टोनियन भाषेत या शब्दाचा अर्थ वाळुंज. म्हणजे आपल्या हिशेबाने वाळुंजवाडी.

वाडी महत्त्वाची नव्हती. महत्त्वाचं होतं तिच्यामागचं वाल्गा हे जंक्शन. रीगाहून प्स्कोव्हला जाणारा लोहमार्ग वाल्ग्यातून जातो आणि तार्तूहून येणारा फाटा तिथेच मिळतो. वाल्गा हातचं गेलं की दक्षिण एस्टोनियातल्या लाल सेनेची रसद तुटते आणि तिच्या चिलखती गाड्या अडकतात. या बाजूला लढत होते लाटव्हियन रायफलमेन. हे लाल सेनेतलं सर्वांत कसलेलं पायदळ. महायुद्धात तावूनसुलाखून निघालेले लोक. त्यांच्या समोर मास्तर आणि त्याची पोरं.

पार्टिझन 30 जानेवारीला पाजूच्या हवेलीत घुसले आणि त्याच दिवशी बाहेर फेकले गेले. 31 तारखेला पुन्हा हल्ला करायचा ठरला. फिनलंडहून आलेली स्वयंसेवकांची रेजिमेंट, 'पोह्यान पोयात' म्हणजे उत्तरेचे पुत्र, वाटेत होती. तिचा प्रमुख हान्स काल्म, तो जन्माने एस्टोनियनच. पण चिलखती गाड्या येणार नव्हत्या, कारण माघार घेणाऱ्या लाल सेनेने सांगास्तेजवळचा रेल्वेपूल उडवला होता. ज्या हत्याराने इथवर आणलं तेच नेमकं या दिवशी नाही.

मी हे वाळूच्या मॉडेलवर मांडायचो तेव्हा बर्फासाठी जाडं मीठ पसरायचो. मधे आगपेटीची हवेली, तिच्याभोवती बागेची झाडं म्हणून तुळशीच्या काड्या, आणि समोर नुसतं पांढरं. एक झुडूप नाही, बांध नाही, खड्डा नाही. मग तरुण कॅप्टन लोकांना विचारायचो : तुमच्याकडे अंदाजे तीनशे माणसं आहेत, चारशेच्या आसपास फिनिश मदत येते आहे, शत्रू तुम्हा दोघांपेक्षा बराच जास्त आहे, त्याच्याकडे मशीनगन भरपूर आणि चिलखती गाड्याही आहेत. काय कराल?

दहातले नऊ जण सांगायचे : फिनिश लोकांची वाट पाहीन, अंधार पडू देईन, बगलेने जाईन. उत्तर बरोबर आहे. परीक्षेत पूर्ण गुण.

कुपेरयानोव्ह समोरून गेला, दिवसाउजेडी आणि फिनिश लोक पोचण्याआधी. स्वतः ओळीच्या पुढे होता. मशीनगनच्या माऱ्यात पोटाशी बर्फ घेऊन पडलेली पोरं उठेनात, तेव्हा उठवायला पुढे चालत गेला आणि पडला. त्याच्या जागी लेफ्टनंट योहान्नेस सूदलाने सूत्रं घेतली. उतरत्या उन्हात फिनिश पलटण आली, तीही त्याच उघड्या मैदानातून चालून गेली, आणि शेवटी हवेलीच्या बागेत संगिनींवर निकाल लागला. संध्याकाळपर्यंत पाजू पडली. दुसऱ्या दिवशी, 1 फेब्रुवारीला वाल्गा हाती आलं. कुपेरयानोव्हला तार्तूला नेलं. तिथे 2 फेब्रुवारीला तो गेला. वय चोवीस.

या लढाईबद्दल एस्टोनियात बोलताना आवाज आपोआप खाली येतो आणि ते योग्यच आहे. पण पायदळाचा माणूस म्हणून मी सांगेन : हा हल्ला नीट आखलेला नव्हता. दोन तुकड्या एकाच लक्ष्यावर एकामागून एक गेल्या, एकत्र नाही. तोफांचा पाठिंबा तुटपुंजा. फिनिश पलटणीचं रक्तही त्यामुळेच जास्त सांडलं. यावर एकदा एका विद्यार्थ्याने मला अडवलं होतं. तो म्हणाला, 'सर, वाट बघितली असती तर ही पोरं उद्या उठली असती का?' मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न खरा आहे. सहा आठवड्यांच्या सैन्यात तंत्र नसतं, फक्त वेग असतो. तो एकदा थांबला की परत येईलच असं नाही. तरीही मी पूर्ण गुण बगलेने जाणाऱ्यालाच दिले.

त्याच्या मृत्यूनंतर तुकडीला त्याचं नाव मिळालं. आपल्याकडे रेजिमेंटची नावं बहुतेक प्रदेशावरून किंवा समाजावरून पडली, मराठा, शीख, डोग्रा, गढवाल. तिथे एक पलटण एका मास्तराच्या नावाने आजही ओळखली जाते. तिच्यातल्या मुलांना लोक नुसतं 'कुपेरयानोव्हवाले' म्हणतात. आणि एक योगायोग : त्याच्या मृत्यूनंतर बरोबर एका वर्षाने, 2 फेब्रुवारी 1920 ला, सोव्हिएत रशियाने तार्तूच्या तहावर सही केली आणि एस्टोनियाला मान्यता दिली. ज्या शहरात तो मेला त्याच शहरात.

आता कवटी. नाही, ती नाझींची नाही. कुपेरयानोव्हच्या माणसांनी ती 1918-19 च्या हिवाळ्यात लावली. हिटलरची एसएस 1925 सालची. कवटी हे युरोपच्या फौजांचं त्याहून कितीतरी जुनं चिन्ह आहे. प्रशियाच्या हुसार घोडदळाच्या टोपीवर ती अठराव्या शतकापासून होती. ब्रिटिशांच्या 17व्या लान्सर्स या घोडदळाच्या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर कवटी आणि खाली शब्द, ज्यांचा एकत्र अर्थ 'मरण, नाहीतर कीर्ती'. आणि 1917 मध्ये रशियन सैन्य विस्कटायला लागलं तेव्हा मरायला तयार असलेल्या स्वयंसेवकांच्या ज्या खास हल्ला-बटालियन उभ्या केल्या, त्यांच्या बाहीवर हीच कवटी होती. कुपेरयानोव्ह त्याच सैन्यातला अधिकारी. पूरमानीच्या पोरांच्या बाहीवर ती तिथूनच आली, असं माझं मत आहे.

पण एवढ्यावर थांबलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. पाजूला सूत्रं हाती घेणारा तो लेफ्टनंट सूदला पुढे काय झाला? दुसऱ्या महायुद्धात, जर्मन ताब्यातल्या एस्टोनियात, तो एस्टोनियन एसएस लीजनचा महानिरीक्षक झाला. म्हणजे बिल्ला नाझींचा नाही, पण त्या बिल्ल्याखाली लढलेला एक माणूस चोवीस-पंचवीस वर्षांनी दुसऱ्या कवटीखाली गेला. एस्टोनियाचा तो काळ असाच आहे. 1940 मध्ये सोव्हिएत ताबा, 1941 मध्ये जर्मन, 1944 मध्ये पुन्हा सोव्हिएत. त्याच पिढीतले एस्टोनियन लाल सेनेच्या 8व्या एस्टोनियन रायफल कोअरमध्येही लढले, कधीकधी एकमेकांसमोर. कुणी नाइलाजाने, कुणी सूड म्हणून, कुणी खुशीने. या तिन्हींना एकाच मापाने मोजणाऱ्याशी मी वाद घालत बसत नाही.

मधल्या वीस वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि शांततेतल्या पलटणीबद्दल असंच असावं. तुकडी स्वतंत्र बटालियन म्हणून वाल्ग्यात राहिली. वाल्गा स्वतः मात्र गंमतीचं गाव झालं. एस्टोनिया आणि लाटव्हिया दोघांनीही त्यावर हक्क सांगितला, म्हणून 1920 मध्ये स्टीफन टॅलंट्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने मधून रेघ मारून गावाचे दोन तुकडे केले. इकडे वाल्गा, तिकडे वाल्का. ज्या जंक्शनसाठी पोरं मेली ते असं वाटलं गेलं. आज दोन्ही देश शेंगेन या सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय क्षेत्रात आहेत, त्यामुळे तुम्ही रस्ता ओलांडता आणि देश बदलतो. बसने गेलात तर हे नक्की करून बघा.

जून 1940 मध्ये सोव्हिएत फौजा शिरल्या. एस्टोनियन सैन्य मोडून त्याचं लाल सेनेचं 22वं रायफल कोअर बनवलं गेलं आणि कुपेरयानोव्ह बटालियन त्यात विरघळली. अधिकारी तरी कामावर ठेवले, असं वाटेल. पण 14 जून 1941 ला वार्स्काच्या उन्हाळी छावणीत त्यातल्या अनेकांना पकडून नोरील्स्कला पाठवलं. नोरील्स्क म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडच्या सक्तमजुरीच्या छावण्या.

आता तुमचा तिसरा प्रश्न. 1940 ते 1992, बावन्न वर्षं ही बटालियन नव्हती. मी ज्या सैन्यात होतो तिथे सातत्याला फार मान आहे. आपली मराठा लाइट इन्फंट्री 1768 पासून अखंड. मधे राज्यकर्ते बदलले पण मेस बंद पडली नाही, नोंदवह्या, चांदीची भांडी, ढोल, जुने सुभेदार, सगळं एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. पलटणीचा इतिहास म्हणजे हेच, असं मीही मानत असे. त्या हिशेबाने तुमच्या वर्गमित्राचं '1918' हा फुगवलेला आकडा ठरतो.

पण मग बघा, बावन्न वर्षं तार्तूत काय होतं. शहराच्या कडेला रादी नावाची दफनभूमी आहे, तिथे कुपेरयानोव्हची कबर आहे. एस्टोनियात नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायची रीत आहे. सोव्हिएत काळात तार्तूचे विद्यार्थी या कबरीवर जमायचे. नाताळच्या आदल्या रात्री आणि 24 फेब्रुवारीला, म्हणजे बंदी घातलेल्या स्वातंत्र्यदिनी. मिलिशिया, म्हणजे सोव्हिएत पोलीस, आजूबाजूला उभी असायची, नावं टिपली जायची, विद्यापीठातून काढून टाकण्यापर्यंत प्रकरण जायचं. स्पष्ट सांगायचं तर ती मुलं बटालियनची कुणीही नव्हती. अनेकांच्या आजोबांनीही त्या तुकडीत सेवा केली नसेल. तरी कबर कुठे आहे हे प्रत्येक पिढीला ठाऊक होतं. आपल्याकडे रेजिमेंटल सेंटर जे काम करतं ते काम तिथे एका कबरीने आणि मेणबत्त्यांनी केलं.

आणि हे सगळं कुठे चाललं होतं, तर सोव्हिएत बॉम्बर विमानांच्या तळाशेजारी. रादीचा तो विमानतळ इतका मोठा होता की त्यामुळे तार्तू हे परदेशी लोकांना जवळपास बंद शहर होतं. शेवटच्या वर्षांत तिथल्या बॉम्बर डिव्हिजनचा प्रमुख होता जनरल जोखार दुदायेव, जो पुढे चेचन्याचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि रशियाविरुद्ध लढताना मेला. आज त्याच धावपट्टीच्या टोकाशी एस्टोनियाचं राष्ट्रीय संग्रहालय उभं आहे. तुम्ही ते पाहिलं असेलच.

2 फेब्रुवारी 1988 ला, तहाच्या वाढदिवशी, तार्तूत मोर्चा निघाला तेव्हा तो ढाली आणि कुत्रे घेतलेल्या मिलिशियाने पांगवला. त्याच तारखेला कुपेरयानोव्ह गेला होता, हे मोर्चातल्या सगळ्यांना माहीत असणार.

ऑगस्ट 1991 मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. 18 मार्च 1992 ला बटालियन पुन्हा उभी राहिली, या वेळी वाल्ग्यात नव्हे तर त्याच्या पूर्वेला वोरू गावी, तारा छावणीत. इथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. तेव्हा रशियन सैन्य अजून देशात होतं. ते बाहेर पडलं 31 ऑगस्ट 1994 ला. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ नवी पोरं कवायत करत होती आणि जुना मालक अंगणातच होता. शस्त्रं नव्हती. 1993 मध्ये एस्टोनियाने इस्रायलकडून मोठी खरेदी केली तेव्हा कुठे हातात धड रायफली आल्या. शिस्तीचेही वांधे होते. त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका स्वयंसेवक कंपनीने सरकारचे हुकूम मानायला नकार दिला आणि नवं सैन्य उभारतानाच बंडाची पाळी आली. सैन्य शून्यातून उभं करणं म्हणजे इमारतींना रंग देणं नव्हे. कंपनीला शिकवणारा हवालदार कुठून आणायचा, हा खरा प्रश्न असतो, आणि तो पाच-सात वर्षं सुटत नाही.

तुमच्या मित्राने केली ती सेवा म्हणजे आठ किंवा अकरा महिने. एस्टोनियाची लोकसंख्या पुणे शहराच्या निम्म्याहून कमी, तेव्हा कायमचं मोठं सैन्य परवडतच नाही. कुपेरयानोव्हसारखी बटालियन वर्षानुवर्षं मुलं घेते, शिकवते, घरी पाठवते, आणि वेळ आली तर तीच मुलं राखीव दलातून परत येऊन जागा भरतात. परदेशातल्या मोहिमांचा भार प्रामुख्याने पगारी शिपायांच्या स्काउट्स बटालियनने उचलला. तिचाही जन्म डिसेंबर 1918 चाच आणि पुनर्जन्म 2001 चा. अफगाणिस्तानातल्या हेल्मंडमध्ये तीच मुख्यतः लढली. कुपेरयानोव्हचं काम घराजवळचं आहे, रशियाच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या जंगलात आणि दलदलीत. 2014 पासून ती दुसऱ्या पायदळ ब्रिगेडमध्ये आहे.

वोरूचे लोक तिच्यावर जीव टाकतात, पण भांडतातही. 2022 नंतर नुर्सिपालूचं सरावक्षेत्र वाढवायचं ठरलं तेव्हा ज्यांची घरं आणि रानं त्यात जाणार होती त्यांनी जोरदार विरोध केला. फायरिंग रेंजशेजारी ज्याने आयुष्य काढलंय, मग ते नगरजवळ असो की वोरूजवळ, त्याला त्यांचं म्हणणं लगेच कळेल. बिल्ल्याबद्दल अभिमान आणि खिडकीच्या काचांबद्दल तक्रार, दोन्ही एकाच घरात नांदतात.

तेव्हा मित्राला सांगा की 1918 मान्य आहे. कवटीवरून कुणी त्याला नाझी म्हटलं तर त्याने 17व्या लान्सर्सचं उदाहरण द्यावं, पण सूदलाचं नाव समोरच्याने काढायच्या आत त्याने स्वतःच काढावं. आणि तुम्ही येत्या 24 डिसेंबरला तार्तूत असलात तर संध्याकाळी रादीला जाऊन या. अंधार साडेतीनलाच पडतो, त्यामुळे कबर शोधायला टॉर्च लागणार नाही, जिथे सर्वांत जास्त मेणबत्त्या दिसतील तिकडे चालत राहा.